‘ताई, तुमच्या फाइलवर लाल शेरा आहे’

ज्यांचा लॉ स्कूलचा अर्ज एकदा-दोनदा नाकारला गेला आहे आणि जे यंदा पुन्हा भरायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एका प्रवेश-सल्लागाराच्या नादी लागून माझे ६,३०० डॉलर गेले. त्याहून वाईट म्हणजे माझ्या नावाने, माझ्या सहीने दोन लॉ स्कूलना खोटी माहिती गेली. पैशांचं दुःख हळूहळू ओसरलं. ती खोटी माहिती निस्तरायला मात्र सात महिने लागले, आणि ते सात महिने मला कुणावरही येऊ नयेत असं वाटतं.

मी अमेरिकेत इमिग्रेशनचं काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस, आहे. आश्रय मागणाऱ्या लोकांच्या फायली मी बांधते, त्यांची कहाणी त्यांच्या तोंडून ऐकून कागदावर उतरवते. सुनावणीच्या दिवशी मात्र त्यांच्या बाजूने बोलायला मला उभं राहता येत नाही. म्हणून जेडी करायचं होतं, तीन वर्षांची ती कायद्याची पदवी. दुसरं काही कारण नव्हतं.

पहिला अर्ज २०२२ च्या फेब्रुवारीअखेर भरला, सात ठिकाणी. एलसॅट, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे, गुण १२० ते १८० यांच्यामध्ये मिळतात. माझे १५४ होते. अर्ज जसे येतील तसे वाचले जातात आणि जागा भरत जातात, हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटची तारीख पुढे आहे म्हणजे वेळ आहे, असं मी धरून चालले. सातही ठिकाणहून नकार आला. दुसऱ्या खेपेला, २०२३ च्या जानेवारीत, १५८ गुणांवर नऊ ठिकाणी अर्ज केला. एका शाळेने वेटलिस्टवर ठेवलं आणि ऑगस्टमध्ये नाही म्हणून कळवलं. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचा निबंध, जुनंच होतं, दोन वाक्यं इकडची तिकडे केलेलं.

त्यानंतर आईने फोनवर त्याबद्दल विचारणं बंद केलं. मला वाईट वाटू नये म्हणून ती विचारत नव्हती, हे कळत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटायचं. ऑफिसात कुणी अर्जाचा विषय काढला की मी फाइल उचलून झेरॉक्सपाशी जायची. पुन्हा अर्ज करणाऱ्या माणसाच्या मनात ही लाज असते, आणि फसवणारा नेमका तिथेच बोट ठेवतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एक वेबिनार ऐकला, खास पुन्हा अर्ज करणाऱ्यांसाठी. बोलणारा स्वतःला एका मोठ्या लॉ स्कूलच्या प्रवेश समितीचा माजी सदस्य म्हणवत होता. नंतर त्याने एकेकाला फोन केले. माझं आडनाव ऐकून मराठीत बोलायला लागला. परक्या देशात, इतक्या खाजगी विषयावर कुणी आपल्या भाषेत बोललं की माणूस निम्मा तिथेच विश्वास टाकतो. तो म्हणाला, “ताई, दोनदा नाही म्हणाले ना? मग तुमच्या फाइलवर लाल शेरा आहे. आधी तो काढायला लागेल. माझ्यावर सोडा.”

असा शेरा नसतो. बहुतेक शाळा जुने अर्ज काही वर्षं जपून ठेवतात हे खरं, पण जुना नकार म्हणजे काळी यादी नव्हे. नवा अर्ज वाचणारा जुना काढून शेजारी ठेवतो आणि मधल्या काळात काय बदललं ते पाहतो. हे मला नंतर एका प्रवेश अधिकाऱ्याने सांगितलं. तेव्हा मी फक्त “लाल शेरा” हे दोन शब्द ऐकले आणि हादरले.

त्याने दुसरी थाप मारली ती परीक्षेची. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून लॉजिक गेम्सचा भाग गेला आणि त्याच्या जागी लॉजिकल रीझनिंगचा आणखी एक भाग आला. हे खरं आहे. त्याला जोडून तो म्हणाला की आता जुने गुण शाळा पाहणारच नाहीत, त्यामुळे मागच्या दोन अर्जांचा मागमूस राहणार नाही. हे साफ खोटं आहे. परीक्षा घेणारी संस्था एलसॅक ठरलेल्या वर्षांच्या मुदतीतले सगळे गुण, तारखांसकट, शाळेला पाठवते. एक खरी गोष्ट सांगून तिच्या पाठीवर खोटी बसवायची, ही त्याची पद्धत मला पुढेही दिसत राहिली.

फी ४,८०० डॉलर. क्रेडिट कार्ड नको म्हणाला, “त्यात तीन टक्के जातात, ताई, तुमचेच वाचवतो.” झेलने, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे टाकणाऱ्या सोयीने, पाठवा, तेही कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात. करार एक पानाचा होता: प्रवेशाची हमी, नाही मिळाला तर पूर्ण परतावा. पत्ता नाही, कोणत्या राज्यात नोंदणी आहे ते नाही. मी रोज दुसऱ्यांचे कागद वाचते. हा कागद पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर वाचला आणि सही केली.

मग त्याने माझ्या एलसॅक खात्याचा पासवर्ड मागितला. अर्ज, मार्कशीट, शिफारसपत्रं, सगळं त्याच खात्यातून जातं. “प्रत्येक वेळी तुम्हाला कशाला त्रास,” म्हणाला. मी दिला. ही या सगळ्यातली माझी चूक आहे आणि ती मी त्याच्या माथी मारत नाही. पासवर्ड देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं होतं.

निबंधासाठी त्याने तासभर माझ्याशी बोलून घेतलं. मी मनापासून सांगितलं, आमच्या एका अशिलाबद्दल, ज्याची तारीख चार वेळा पुढे ढकलली गेली होती. मसुदा पाहायला मागितला तर “शेवटचा हात फिरवतोय” एवढंच उत्तर यायचं. नोव्हेंबरच्या शेवटी त्याने दोन शाळांना अर्ज पाठवून दिले. मी ते वाचलेच नव्हते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडून पत्र आलं. शाळेचं बोधचिन्ह, खाली सही, सशर्त प्रवेश. सीट पक्की करण्यासाठी ७२ तासांत १,५०० डॉलर भरायचे, आणि तेही त्याच्यामार्फत, कारण “हा कमिटीतल्या ओळखीचा कोटा आहे.” मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. दादा तेवढा म्हणाला, “पैसे शाळेला का नाही भरायचे? त्याला का?” मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, तुला इथलं काय कळतंय. आणि पैसे पाठवले.

दादाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सीट डिपॉझिट शाळाच घेते, स्वतःच्या पोर्टलवर, आणि नेहमीच्या प्रवेशात त्याच्या तारखा साधारण एप्रिलपासून पुढे येतात. डिसेंबरात, ७२ तासांच्या मुदतीवर, तिसऱ्याच्या खात्यात कुठलीही शाळा पैसे मागत नाही.

तीन दिवसांनी स्कॉलरशिपबद्दल विचारायला मी स्वतःच शाळेच्या ॲडमिशन ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी माझा एलसॅक क्रमांक घेतला आणि थोडा वेळ शांत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या की तुमचा अर्ज अजून वाचनात आहे, निर्णय झालेला नाही, आणि आम्ही असं पत्र पाठवलेलं नाही. मी खुर्चीत बसले. त्या पुढे म्हणाल्या, “आणखी एक विचारायचं होतं. आमच्याकडे आधी अर्ज केला होता का, या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ लिहिलंय. तुमच्या २०२२ आणि २०२३ च्या दोन्ही फायली माझ्यासमोर आहेत.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला तोंड लपवावंसं वाटलं.

त्या रात्री दोन्ही अर्ज उतरवून पहिल्यांदा वाचले. आधीच्या अर्जांच्या प्रश्नाला दोन्हीकडे ‘नाही’. माझा पॅरालीगलचा अनुभव दोन वर्षांनी वाढवलेला. आणि दुसऱ्या निबंधात, तिसऱ्या परिच्छेदात, “नौदलातल्या माझ्या वर्षांनी मला शिस्त शिकवली” या अर्थाचं वाक्य. मी आयुष्यात जहाजावर पाऊल ठेवलेलं नाही. कुणा दुसऱ्या माणसाचा निबंध माझ्या नावावर चढवला होता. त्या अशिलाबद्दल मी तासभर जे सांगितलं, त्यातला एक शब्दही नव्हता. शेवटच्या पानावर, वरील माहिती खरी आणि माझी स्वतःची आहे या वाक्याखाली, माझं नाव टाइप केलेलं.

ही गोष्ट नुसत्या एका प्रवेशापुरती नाही. अर्जात खोटी माहिती किंवा दुसऱ्याचं लेखन आढळलं तर एलसॅकची समिती चौकशी करते, आणि ठपका आला तर तो शाळांना कळवला जातो. तिथून निभावलं तरी पुढे वकिलीचा परवाना घेताना चारित्र्याची तपासणी असते. तेव्हा बार परीक्षक, म्हणजे ही तपासणी करणारे, लॉ स्कूलचा जुना अर्ज मागवून परवान्याच्या अर्जाशी ताडून पाहू शकतात. म्हणजे त्या माणसाच्या एका ‘नाही’मुळे तीन वर्षं शिकून, कर्ज काढूनही माझा परवाना अडकला असता.

सकाळी वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या: आत्ता पासवर्ड बदल, आणि आज संध्याकाळच्या आत दोन्ही शाळांना तू स्वतः लिही. माझा पहिला मसुदा त्याच्याविरुद्धच्या तक्रारीने भरला होता. त्यांनी तो परत दिला. “त्याने काय केलं ते एका परिच्छेदात लिही. अर्जात काय काय खोटं आहे ते एकूण एक लिही. आणि पासवर्ड मी दिला, न वाचता अर्ज जाऊ दिला, हे स्पष्ट लिही.” तसंच लिहिलं. झेलच्या पावत्या आणि ते बनावट पत्र जोडलं. एलसॅकलाही मीच कळवलं.

एका शाळेने अर्ज मागे घ्यायची परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी नव्याने भरता येईल असं कळवलं. दुसरीने तीन ओळींत अर्ज बंद केला. एलसॅककडून प्रश्न आले, उत्तरं दिली, पुन्हा प्रश्न आले. प्रकरण बंद केल्याचं पत्र जुलैत आलं.

पैसे परत आले नाहीत. तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे आहेत, असं बँक म्हणाली. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बिल आल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी हरकत तरी घेता आली असती. त्याला कार्ड का नको होतं ते तेव्हा उमगलं. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या आयसी-३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार-केंद्रावर तक्रार नोंदवली आहे. कमिशन एकेकाचं प्रकरण सोडवत नाही, पण अशा तक्रारी साठत गेल्या की तपासाला आधार मिळतो, म्हणून फसलेल्या प्रत्येकाने ती करावी.

“कमिटीतली ओळख” हा शब्द ज्यांना भुरळ घालतो त्यांनी २०१९ चं रिक सिंगर प्रकरण वाचावं. तोही प्रवेशाचा सल्लागारच होता. मागच्या दाराने कॉलेजात शिरवून देतो म्हणून श्रीमंत पालकांकडून पैसे घ्यायचा. जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची कैद झाली, आणि पैसे देणाऱ्या पालकांपैकीही कित्येक जण तुरुंगात जाऊन आले. म्हणजे अशी ओळख खरी असती तरी मी गुन्ह्यातच सापडले असते.

सगळेच सल्लागार असे नसतात. माझ्या मैत्रिणीने एकीची मदत घेतली होती. ती बाई निबंधावर प्रश्न विचारायची, स्वतः एक ओळ लिहायची नाही, पासवर्ड मागायची नाही, आणि हमीचा विषय निघाला की सरळ नाही म्हणायची. माझ्याशी बोलणाऱ्या त्या प्रवेश अधिकाऱ्याने तर एक पैसा न घेता वीस मिनिटांत सांगितलं: तुमचे गुण आमच्याकडे प्रवेश घेणाऱ्यांच्या गुणांच्या मधल्या आकड्याच्या खाली होते, अर्ज उशिरा आला, आणि दोन्ही वर्षी निबंध एकच होता. तो मधला आकडाही गुपित नसतो. मान्यताप्राप्त प्रत्येक शाळेला किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश दिला, त्यांचे एलसॅटचे गुण काय होते, हे दर वर्षी १५ डिसेंबरपर्यंत ५०९ नावाच्या अहवालात जाहीर करावं लागतं. चार हजार आठशे डॉलर भरण्याआधी मी ते एक पान उघडलं नव्हतं.

यंदा माझे गुण १६२ आहेत. अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला. आधी अर्ज केला होता का, या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं, वर्षं लिहिली, आणि मागच्या वर्षीच्या प्रकाराचं दीड पानाचं ॲडेंडम, म्हणजे खुलाशाचं जोडपत्र, जोडलं. निबंध त्या अशिलाबद्दलच आहे. उत्तर अजून यायचं आहे.

त्या माणसाची वेबसाइट मार्चमध्ये बंद झाली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या नावाने एक वेबिनार लागला होता. मी पाच मिनिटं ऐकला, आवाज तोच. माझ्यासारख्याच आणखी दोघी आता मला सापडल्या आहेत, आणि आम्ही तिघींनी आपापल्या पावत्या एकत्र केल्या आहेत. तुम्हाला असा फोन आला तर ठेवून द्या आणि थेट शाळेच्या ॲडमिशन ऑफिसला लावा. नंबर शाळेच्या वेबसाइटवरून घ्या, त्याने दिलेला लावू नका.