मालवण जेटीजवळचं पहाटेचं हॉटेल: घावणे एक नंबर, टीव्ही चालतो, टीम मात्र आपापली आणावी

मालवणात पहाटे पाचला बसून बेसबॉल बघता येईल असं माझ्या माहितीत एकच ठिकाण आहे, आणि त्याला बोर्डसुद्धा नाही. होता तो 2021 च्या तौक्ते वादळात उडाला, हॉटेलवाल्या काकांनी परत लावलाच नाही, म्हणतात येणाऱ्याला माहीत असतंच. बाजारपेठेतून जेटीकडे जाताना पत्र्याची शेड, बाहेर निळे क्रेट रचलेले आणि आत ट्यूबलाईट चालू दिसली की समजायचं तेच.

पहाटे उघडतं ते अर्थात आमच्यासाठी नाही, मासळीवाल्यांसाठी. होड्या लागायच्या वेळेला चहा लागतो म्हणून काका चारला स्टोव्ह पेटवतात, आणि शिकागोत संध्याकाळी सहा चाळीसची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटे पाच दहा, हा निव्वळ योगायोग. आम्ही चौघं व्हाईट सॉक्सवाले, म्हणजे शिकागोच्या त्या बेसबॉल टीमचे फॅन. माझा आतेभाऊ तिकडे असतो, त्याने टोपी पाठवली तिथून हे लागलं, बाकीच्यांना मी लावलं, त्याबद्दल त्यांच्या घरचे मला अजून बोलतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 2023 ला 101 मॅच हरलो, 2024 ला 121 (मॉडर्न बेसबॉलमध्ये एका सीझनला इतकं कोणीच हरलेलं नाही) आणि 2025 ला 102. त्या 121 वाल्या वर्षी मध्येच लागोपाठ 21 हरलो तेव्हा काका रोज विचारायचे, "काय रे, आज तरी जिकले काय तुमचे?" नंतर नंतर त्यांनीच दया येऊन विचारायचं बंद केलं.

आता खाण्याचं बोलू, रिव्ह्यू आहे शेवटी. घावणे मागवा, दुसरं काही बघू नका. काकी बिडाच्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवतात, वाटीने पीठ कडेकडून आत ओततात, मग झाकण, आणि झाकण काढताना ती जी वाफ येते ना तेव्हाच कळतं झालं म्हणून. एवढी जाळी पडलेला घावणा मी मालवणात दुसऱ्या कुठल्या हॉटेलात खाल्लेला नाही. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी, मिरची जरा जास्त असते पण पहाटे झोप उडायला बरी. काळ्या वाटाण्याची उसळ चांगली, पाव कधी कधी कालचा असतो, विचारून घ्या. पोहे नको. चहा गोड म्हणजे भयंकर गोड, कमी साखर सांगितलं तरी तेवढाच गोड येतो, मी नाद सोडलाय.

टीव्ही 32 इंची, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. मोबाईलवरून लावू देतात, काही बोलत नाहीत, फक्त बातम्यांना चॅनल बदलणार हे ठरलेलं, मग तुमचे बेस लोडेड (तिन्ही बेसवर आपली माणसं) असले तरी. वायफाय नाही, आपला हॉटस्पॉट. आणि लाईट गेली की इन्व्हर्टर फक्त बल्ब नि पंख्याला, टीव्ही बंद. हे पहिल्या नंबरचं गाऱ्हाणं.

पण या हॉटेलचा खरा उपयोग मला डिसेंबरात कळला. ऑर्लँडोला विंटर मीटिंगमध्ये (सगळ्या टीमची डिसेंबरातली बैठक) 2026 च्या ड्राफ्टची, म्हणजे नवीन पोरं आधी कोणी उचलायची त्याची, लॉटरी निघाली ती आम्ही इथे बसून बघितली, आपल्याकडे पहाट होती. पहिला नंबर सॉक्सला! बँकेतला आमचा मित्र एवढ्या जोरात ओरडला की क्रेट उचलणारे दोघं आत बघायला आले काय झालं म्हणून. त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट. कारण जेटीवर लिलाव ते रोज बघतात, तिथे जो जास्त बोलतो तो टोपली नेतो, आणि इथे मी सांगतोय की कॉलेजची नि हायस्कूलची पोरं टीम आळीपाळीने उचलतात आणि जो जास्त हरला त्याला आधी नंबर मिळायचा चान्स. "म्हणजे हरल्याचो फायदो?" अगदी बरोबर, आणि मुद्दाम हरून तो फायदा कोणी लाटू नये म्हणूनच तर 2023 च्या ड्राफ्टपासून लॉटरी आणली, पहिले सहा नंबर चिठ्ठीने.

त्यातही गंमत बघा, 121 हरून आम्हाला 2025 ला नंबर मिळाला दहावा! मोठ्या मार्केटच्या, म्हणजे कमाई वाटपात पैसे भरणाऱ्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही आणि आदल्या वर्षी आम्ही पाचवा घेऊन बसलो होतो. 2026 ला तीच गत कोलोरॅडो रॉकीज टीमची, 119 हरून दहावा, त्यांचा नियम जरा वेगळा पण रडणं सेम.

तर आता तीन महिने विषय एकच, जुलैत उचलायचा कोणाला. यूसीएलए कॉलेजचा शॉर्टस्टॉप (सेकंड नि थर्ड बेसच्या मधला फील्डर) रॉक चोलॉव्स्की सगळ्यांच्या तोंडी आहे. बँकवाला म्हणतो शॉर्टस्टॉप आणखी किती गोळा करणार, आपल्याकडे कोल्सन माँटगोमेरी आहे (2025 ला अर्ध्या सीझनमध्ये 21 होमरन मारले त्याने), दहाव्या नंबरवर घेतलेला बिली कार्लसन पण शॉर्टस्टॉपच. माझं म्हणणं, पहिल्या नंबरला जागा बघून पोरगा घ्यायचा नसतो, जो सगळ्यात भारी तो घ्यायचा, शॉर्टस्टॉपला उद्या सेकंडला नाहीतर सेंटर फील्डला हलवता येतं, उलटं होत नाही. टेक्सासचा ग्रेडी एमर्सन हायस्कूलचा आहे, भारी आहे पण त्याला वरती यायला वेळ लागेल आणि आमच्यात आता तेवढा दम नाही.

आणि नंबर मिळाला म्हणजे पोरगा मिळालाच असंही नाही हो. 1971 ला सॉक्सनी पहिल्या नंबरला डॅनी गुडविन घेतला, त्याने सहीच केली नाही, सरळ कॉलेजला गेला. 1977 ला पहिलाच नंबर, हॅरॉल्ड बेन्स, तो मात्र हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, पोचला. अँड्र्यू वॉनला 2019 ला तिसऱ्या नंबरला घेतला, वर्षानुवर्षं वाट बघितली, शेवटी 2025 ला मिलवॉकीच्या टीमला दिला आणि तिकडे गेल्या गेल्या ठोकायला लागला! त्या दिवशी माझा घावणा तसाच राहिला. उलट पिचर मार्क बर्ली 38 व्या राउंडचा, आता ड्राफ्टच वीस राउंडचा आहे म्हणजे आजच्या नियमात तो आलाच नसता, त्याने 2005 ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली नि 2009 ला परफेक्ट गेम टाकला (समोरच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही). आमचे चौथे मेंबर शाळेत पीटी शिकवतात, ते एवढंच म्हणतात की पोरगा बघून सांगता येत नाही. त्यांना वीस वर्षांचा अनुभव आहे, आम्ही गप्प बसतो.

अडचण एकच. ड्राफ्ट जुलैत, गेल्या वेळी आपल्याकडे पहाटे साडेतीनला सुरू झाला होता, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर काढलेल्या, जेटीवर चिटपाखरू नाही, तेव्हा काका सहाच्या आत शटर उघडत नाहीत, उघडून करणार काय. शिवाय धो धो पाऊस नि लाईटचा भरवसा नाही. मी भीत भीत विचारलं तर म्हणाले, "पयलो नंबर तुमचो ना? मग उघडतलंय." काकींनी स्टोव्हमागून एक कटाक्ष टाकला, त्यामुळे हे पक्कं धरू नये. टीव्हीसाठी मी बॅटरी आणतो म्हटलंय.

पाचपैकी चार. एक लाईटचा नि पावाचा कापला. गाडी आत आणू नका, टेम्पो लागलेले असतात, एसटी स्टँडकडे लावून चालत या. सुट्टे पैसे ठेवा. आणि उसळ साडेसातपर्यंत संपते, तेव्हा नववी इनिंग संपायची वाट बघत बसू नका, आठव्यातच सांगून ठेवा, आम्ही तोपर्यंत बहुतेक वेळा हरलेलो असतोच.