डुकरांचे जिवाणूजन्य रोग: कल्चर, पीसीआर की एलायझा?

कोणतं औषध चालेल, अमुक जंतू वाड्यात आहे का, की तो कळपात फिरून गेलाय? यांतलं नेमकं काय कळायला हवंय ते आधी ठरवा. तीन प्रश्नांना तीन वेगळ्या तपासण्या आहेत: कल्चर म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून बघणं, पीसीआर म्हणजे त्याचा डीएनए शोधणं, एलायझा म्हणजे रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणं.

ताप येऊन पटापट मरतूक, अंगावर चौकोनी लाल चट्टे, पिल्लं आडवी पडून पाय झाडतायत, असं असेल तर पहिला पैसा कल्चरवर घाला. एरिसिपेलासचा जंतू, पाश्चुरेला, स्ट्रेप्टोकॉकस सुईस हे ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या पोषक थरावर) साधारण २४ ते ४८ तासांत उगवतात आणि आणखी एका दिवसात कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळतं. नेहमीचा पीसीआर हे सांगत नाही. मात्र अशा मरतुकीत आफ्रिकन आणि क्लासिकल स्वाइन फिव्हरची विषाणू तपासणीही सोबतच मागा. लक्षणं हुबेहूब जुळतात. मेलेल्या डुकराच्या नाकातोंडातून रक्त आलं असेल किंवा गळा सुजला असेल तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरा, शव फाडू नका, आधी पशुवैद्यकाला बोलवा.

कल्चर फसतं ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नव्हे, वाड्यावरच. दोन इंजेक्शनं झाल्यावर घेतलेला नमुना कोरा येतो. उन्हात सहा तास पडलेल्या शवातून प्रोटियससारखे सडवणारे जंतू प्लेटभर पसरतात आणि खरा जंतू त्यांच्याखाली दबतो. म्हणून नुकतंच आजारी पडलेलं, औषध न दिलेलं डुक्कर निवडा. स्वॅब जेलवाल्या ट्रान्सपोर्ट मीडियात घाला, २ ते ८ अंशांवर ठेवा आणि २४ तासांत पोचवा. गोठवू नका. फॉर्मॅलिनमधला तुकडा कल्चरला निरुपयोगी.

काही जंतूंचे नखरेही आहेत. फुफ्फुसाच्या ॲक्टिनोबॅसिलसला साध्या ब्लड अगारवर हवं ते पोषण मिळत नाही. प्लेटवर स्टॅफिलोकॉकसची एक रेघ ओढली की त्या रेघेलगतच त्याचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवतात. म्हणून अर्जावर नुसतं ‘कल्चर’ लिहू नका, संशय कशाचा आहे तेही लिहा.

महिनोन्‌महिने कोरडा खोकला असेल तर मात्र पीसीआरच. मायकोप्लाझ्मा हायोन्युमोनी उगवायला काही आठवडे लागतात. आतड्यातला लॉसोनिया तर जिवंत पेशींशिवाय वाढतच नाही. पीसीआर एक-दोन दिवसांत उत्तर देतो, नमुना गोठवलेला चालतो. पण मेलेल्या जंतूचा डीएनएही तो पकडतो, म्हणून उपचारानंतरच्या ‘पॉझिटिव्ह’वर लगेच औषध बदलू नका. दूध तुटल्यावरच्या हगवणीत ‘ई. कोलाय सापडला’ एवढ्या अहवालाला अर्थ नाही. तो निरोगी पिल्लातही असतो. एफ४, एफ१८ (जंतूचे आतड्याला चिकटायचे धागे) आणि विषाची जनुकं तपासून मागा.

एलायझा आजारी डुकरासाठी नव्हे, कळपासाठी. प्रतिपिंडं यायला आठवडे लागतात. लसीची आणि आईच्या चिकाचीही दिसतात. १० टक्के जनावरांना लागण असेल तर ती ९५ टक्के खात्रीने सापडायला मोठ्या कळपातली सुमारे ३० डुकरं लागतात. माद्या गाभडत असतील तर ब्रुसेलासाठी रोझ बंगाल आणि लेप्टोस्पायरासाठी मॅट या रक्ताच्या प्रतिपिंड चाचण्या, दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. रक्ताची नळी काढल्याबरोबर बर्फावर ठेवू नका: तिरकी टेकवून सावलीत गोठू द्या, सीरम वेगळं करा, मगच थंड करा. लालसर झालेलं सीरम प्रयोगशाळा परत पाठवू शकते.