पिकाचू ईएक्सचा लाइटनिंग डेक: काही महिने खेळल्यानंतर

पोकेमॉन टीसीजी पॉकेट या मोबाइलवरच्या कार्डांच्या खेळात कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं, की मी लाइटनिंग, म्हणजे विजेच्या प्रकाराचाच डेक (खेळायच्या कार्डांचा संच) सांगतो. काही महिने आलटून पालटून सगळे प्रकार खेळून पाहिले, पण रोजचा डेक हाच राहिला. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर हा खेळ आला, तेव्हाच्या पहिल्याच जेनेटिक एपेक्स संचातला पिकाचू ईएक्स (ईएक्स म्हणजे जास्त ताकदवान कार्ड) हा या डेकचा कणा.

सर्कल सर्किट हा त्याचा हल्ला. दोन एनर्जी (हल्ल्याला लागणारी शक्ती) लावा, बेंचवरच्या, म्हणजे मागे राखीव बसलेल्या प्रत्येक लाइटनिंग पोकेमॉनमागे ३० डॅमेज. बेंचवर जागा तीनच, म्हणजे जास्तीत जास्त ९०. आकडा लहान वाटतो, पण हा फटका कधी बसतो ते बघा. एनर्जी दर पाळीला एकच मिळते आणि आधी खेळणाऱ्याला पहिल्या पाळीत तीही मिळत नाही. त्यामुळे नंतर खेळायला मिळालं तर आपल्या दुसऱ्याच पाळीत पिकाचू तयार! समोरचा चारमँडर तोवर फार तर चार्मेलियन, म्हणजे त्याचं पुढचं रूप झालेला असतो आणि त्याचे एचपी (किती मार सोसेल तो आकडा) असतात बरोबर ९०. (मधलं रूप गाळून थेट शेवटचं रूप देणारं रेअर कँडी हे कार्ड हातात असेल तर गोष्ट वेगळी.)

त्याचं शेवटचं रूप, चॅरिझार्ड ईएक्स, उभा राहिलाच, तरी १८० एचपी म्हणजे नेमके दोन फटके. मधे समोरच्याने पोशन वापरून २० भरून काढले, तर दोन्ही पाळ्यांत जियोवानीचं कार्ड लावायचं. ते प्रत्येक वेळी फटका १० ने वाढवतं, की हिशेब पुन्हा जुळला. अशी बेरीज-वजाबाकी मला फार आवडते. इथे नशिबापेक्षा डोकं चालतं.

म्हणूनच झॅपडॉस ईएक्सवर माझा तेवढा जीव नाही. तीन एनर्जी, चार नाणी, प्रत्येक छाप्याला ५०. चारही छापे पडले तर २००, पण काटेच काटे पडले की पाळी वाया. मी त्याला बेंचवर बसवतो आणि पिकाचू पडल्यावरच पुढे आणतो. इलेक्ट्रोड मात्र न चुकता ठेवा. माघारीला एनर्जी लागत नाही, शिवाय दोन एनर्जीत ७० डॅमेज.

आता उणी बाजू. वॉटरविरुद्ध आपलं पारडं जड असं सगळे धरून चालतात, पण स्टार्मी ईएक्सचे एचपी १३०. ९० अधिक त्याच्या लाइटनिंगपुढच्या दुबळेपणाचे २० अधिक जियोवानीचे १०, बेरीज १२०. दहा कमी पडतात! आणि त्याला मिस्टी या कार्डाची नाणी लागली (प्रत्येक छाप्याला एक जादा एनर्जी), तर तो आपल्याआधी ९० मारायला लागतो. फायटिंग डेक समोर आला की आणखी जपावं लागतं. मॅरोवॅक ईएक्सची दोन्ही नाणी छापा पडली, तर १२० एचपीचा पिकाचू एकाच फटक्यात जातो आणि ईएक्स असल्यामुळे समोरच्याला दोन गुण मिळतात. जिंकायला लागतात तीनच.

सब्रिनाचं कार्डही त्रास देतं. समोरच्याने ते खेळलं की आपला बेंचवरचा एखादा पोकेमॉन पुढे यावा लागतो, तो पडला की हल्ल्यातून सरळ ३० वजा. म्हणून लाइटनिंग नसलेल्या कुणालाही या डेकमध्ये जागा देऊ नका, कितीही चांगलं कार्ड असलं तरी. नंतरच्या संचांत जास्त एचपीचे ईएक्स येत गेले आणि ९० चा धाक कमी झाला, हे मान्य. तरीही पहिल्या तीन-चार पाळ्यांत सामना हातात घेणारा इतका सरळ डेक मला दुसरा सापडलेला नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे.