गिटारचा पिकअप भरून घ्यायचाय: ४२ ची तार की ४३ ची?

विहिरीवरची मोटार जळाली की भरून देणारं दुकान खान्देशात कुठेही सापडतं. म्हणून इलेक्ट्रिक गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची (चुंबकांभोवती एकच कॉइल असलेला, गिटारच्या तारांच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) आतली तार तुटली, तेव्हा मी तो घेऊन अमळनेरला अशाच एका दुकानात गेलो. तिथल्या दादांनी तुटलेलं टोक उजेडात धरलं आणि म्हणाले, "भाऊ, हाई तार शे का केस शे?"

पहिली चूक तिथेच झाली, आणि ती माझी होती. मी "४२ नंबर" एवढंच सांगितलं. पिकअपवाले तारेची जाडी अमेरिकन गेजमध्ये, म्हणजे एडब्ल्यूजीत मोजतात, तर आपल्याकडची मोटारीची दुकानं ब्रिटिश एसडब्ल्यूजी. एडब्ल्यूजी ४२ म्हणजे ०.०६३ मिमी, एसडब्ल्यूजी ४२ म्हणजे ०.१० मिमी. बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) साडेतीन हजार वेढ्यांच्या आतच भरली आणि आवाज अगदी किरटा आला. त्यामुळे तार मागताना नंबर नको, मिलिमीटर सांगा. एसडब्ल्यूजी ४६ (०.०६१ मिमी) हे एडब्ल्यूजी ४२ च्या सगळ्यात जवळचं.

आता मुख्य प्रश्न. एडब्ल्यूजी ४२ च्या तारेचे साधारण ८ हजार वेढे, ही स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपची जुनी रीत. रेझिस्टन्स ६ किलोओमच्या आसपास, वरचे सूर मोकळे, गिटारच्या तारेवर नख लागल्याचाही आवाज कळतो. ४३ ची तार ०.०५६ मिमीची, म्हणून त्याच बॉबिनवर १० हजार वेढे सहज बसतात. वेढे सव्वापट झाले की इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध) दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पिकअपचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेला तो सगळ्यात जोरात वाजतो ती) मग ४८०० हर्ट्झवरून ३८०० च्या आसपास खाली येतो. आवाज जाड होतो, मधला भाग पुढे येतो, ड्राइव्हला (मुद्दाम फाडलेल्या आवाजाला) जोर चढतो, पण वरची चकाकी जाते. आणि गुणगुणही वाढते. लग्नाच्या मांडवात शेजारी जनरेटर आणि लाइटिंगच्या माळा असल्या की ती फार जाणवते.

विक्रेते किलोओमचा आकडा दाखवून "हॉट" (जोरदार) पिकअप म्हणतात, त्यावर विसंबू नका. तेच ८ हजार वेढे ४३ च्या तारेने भरले तर मीटर साडेसात किलोओमच्या आसपास दाखवेल, कारण बारीक तारेचा रेझिस्टन्सच जास्त. इंडक्टन्स जवळपास तोच, जोरही तोच. भरणाऱ्याला वेढे किती ते विचारा. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ६ किलोओम दाखवणारा पिकअप मे महिन्यात, जळगावच्या ४५ अंशांत, ६.६ दाखवतो. डिसेंबरात घेतलेल्या आकड्याशी तो ताडून पाहिला तर उगाच शंका येते.

इनॅमलच्या, म्हणजे तारेवरच्या इन्सुलेशनच्या थराच्या बाबतीत मी फार वेळ घालवणार नाही. त्यातल्या फॉर्मवार प्रकाराचा थर जाड, त्यामुळे वेढे थोडे दूर बसतात. पॉलियुरेथेन सोल्डरच्या उष्णतेनेच वितळतो, फॉर्मवार मात्र खरवडावा लागतो. घरी भरणाऱ्याने पॉलियुरेथेन घ्यावा. हाताने विस्कळीत वेढे दिले तर कॉइलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, जी वाढली की वरचे सूर दबतात) कमी होऊन वरचे सूर किंचित खुलतात, हे खरं आहे. पण ५ मीटरच्या केबलचा कपॅसिटन्सच सुमारे ५०० पिकोफॅरड असतो, कॉइलच्या स्वतःच्या कपॅसिटन्सपेक्षा कितीतरी जास्त. त्यासाठी हाताने भरण्याची मजुरी देण्याआधी तीन मीटरची केबल लावून ऐका.

ऑर्केस्ट्रात साथीला क्लीन (ड्राइव्हशिवाय) वाजवणार असाल, तर तिन्ही पिकअप ४२ वर ८ हजारच भरा. मधल्या पिकअपचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे ठेवा, म्हणजे दोन पिकअप एकत्र चालू असताना गुणगुण जाते. ड्राइव्हवर सोलो वाजवणाऱ्यांनी फक्त ब्रिजचा (तारा जिथे खाली टेकतात त्या बाजूचा) पिकअप ४३ वर साडेनऊ-दहा हजार करावा. नेकच्या (दांड्याजवळच्या) पिकअपला तेवढे वेढे दिले की खालचे सूर एकमेकांत मिसळतात, मी तो पुन्हा उकलून घेतला. भरून झाल्यावर कॉइल मेणात बुडवायला विसरू नका, नाहीतर मोठ्या आवाजात सैल वेढे थरथरून शिट्टी मारतात.