स्वभाव मोजणारी १२० विधानांची मोफत चाचणी: विशीतल्यांना कितपत उपयोगी?

विशीतल्या मुलामुलींनी स्वभावचाचणी द्यायचीच असेल, तर चार अक्षरांचा (INFP, ESTJ असा) शिक्का मारणाऱ्या चाचण्यांपेक्षा आयपिप-निओ-१२० (IPIP-NEO-120) केव्हाही उजवी. जॉन जॉन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेली ही चाचणी ऑनलाइन फुकट देता येते. पाच मोठे गुण (बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं, शिस्त, भावनिक अस्थिरता, नव्याबद्दलचा मोकळेपणा), प्रत्येकाचे सहा पैलू, प्रत्येक पैलूला चार विधानं. वीसेक मिनिटं पुरतात. अहवाल लगेच जपून ठेवा.

मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने अहवालात सगळ्यात मोलाचा भाग भावनिक अस्थिरतेचा. हा गुण वर तर आयुष्याबद्दलचं समाधान खाली, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण एकूण आकड्यावर थांबू नका, खालचे पैलू वाचा: चिंता, राग, उदासी, बुजरेपणा, मोह न आवरणं, ताणाखाली कोलमडणं. दोघांचाही एकूण आकडा ८० असेल, पण एकाचा चिंतेमुळे आणि दुसऱ्याचा रागामुळे चढलेला असेल, तर दोघांनी करायचं काम वेगळं. मात्र पैलूमागे चारच विधानं असल्याने दोन उत्तरं इकडची तिकडे झाली तरी आकडा बराच हलतो. ५-७ अंकांच्या फरकाला अर्थ नाही.

हे ८० म्हणजे टक्के नव्हेत, शंभर जणांतला क्रम आहे: साधारण ८० जण तुमच्या खाली. तुलना आपल्याच वयोगटाशी होते आणि तो गट २१ ते ४० असा लांबलचक आहे. वयाबरोबर शिस्त वाढते, अस्थिरता उतरते. त्यामुळे बाविशीतल्या मुलाला शिस्तीचा आकडा उगाच कमी दिसतो. तो आळशीपणाचा पुरावा समजू नये. उदारमतवादी की पुराणमतवादी उमेदवाराला मत देता, ही विधानं तर अमेरिकेच्या राजकारणातून आली आहेत; आपल्याकडे त्या पैलूचा आकडा सोडून द्यावा.

खरी उणीव वेगळी आहे. स्वभाव कळतो, मूल्यं, म्हणजे आयुष्यात काय महत्त्वाचं वाटतं ते, कळत नाहीत. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांची, दहा मूल्यं मोजणारी २१ वर्णनांची प्रश्नावली सोबत भरावी. युरोपियन सोशल सर्व्हे या अनेक देशांतल्या सर्वेक्षणात हीच वापरतात. १ म्हणजे अगदी माझ्यासारखं, ६ म्हणजे अजिबात नाही. आधी प्रत्येक उत्तर ७ मधून वजा करून उलटवा. मग त्या-त्या मूल्याची सरासरी काढा: स्वयंनिर्णयासाठी १ आणि ११ क्रमांकाची वर्णनं, सुरक्षिततेसाठी ५ आणि १४, यशासाठी ४ आणि १३. शेवटी त्यातून सगळ्या २१ उलटवलेल्या उत्तरांची सरासरी वजा करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच घोळ होतो. सगळ्याला ‘माझ्यासारखंच’ म्हणणाऱ्याची दहाही मूल्यं महत्त्वाची दिसतात, प्राधान्य कळतच नाही.

मूल्यांचा समाधानाशी थेट संबंध तसा क्षीणच; ती भोवतालाशी जुळतात का, हे जास्त बोलकं. स्वयंनिर्णय सर्वांत वर असलेली मुलगी दिवसभर ठरवून दिलेली स्क्रिप्ट वाचण्याची नोकरी करत असेल, तर तिची घुसमट केवळ हळव्या स्वभावाच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे. आधी कामात काय बदलता येईल ते पाहावं.

नोकरभरतीसाठी मात्र ही स्वभावचाचणी अजिबात वापरू नये, उत्तरं सहज सजवता येतात. निदानासाठीही नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर आकडेमोड बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा, तिथे मराठीतही बोलता येतं.