बागेतला बगळा लोखंडाचा घ्यावा की तांब्याचा?

बागेत धातूची एखादी शोभेची वस्तू ठेवायचं मनात आलं की आपण आधी आकार ठरवतो. बगळा की हरीण, कमान की सूर्यघड्याळ, यावर घरात चार दिवस बोलणं होतं आणि धातूचा विषय निघतो तो अगदी शेवटी, वस्तू आवडून झाल्यावर. मीही तसंच केलं होतं. आता माझ्या बागेत लोखंडाची एक कमान, तांब्याचा एक बगळा, पक्ष्यांसाठी तांब्याचं पसरट पात्र आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक कंदील आहे. इतकी वर्षं त्यांची देखभाल करून मला वाटायला लागलंय की क्रम उलटा हवा. आधी धातू ठरवावा, मग त्या धातूत चांगला उतरेल असा आकार शोधावा. हे मत एका बागेच्या अनुभवावरचं आहे. तुमच्याकडची हवा वेगळी असेल, तुमची हौसही वेगळी असेल, तेव्हा तेवढी सूट धरूनच वाचा.

लोखंडाची बाजू आधी मांडतो, कारण ते मला मनापासून आवडतं. बारीक रेषेचं काम लोखंडात जसं उतरतं तसं दुसऱ्या कशात नाही. बोटाएवढी सळी वाकवून केलेली वेलबुट्टी हिरव्या पानांसमोर काळीभोर उभी राहिली की ती कुणीतरी शाईने रेखाटल्यासारखी दिसते. तांब्यात एवढी बारीक सळी वापरली तर पहिल्याच धक्क्याला वाकते. शिवाय लोखंड मोडलं तर जोडता येतं, साधं वेल्डिंग करणारा कुणीही ते करून देतो. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची वस्तू मात्र वेगळी. ती जड आणि देखणी असते, पण ठिसूळ. फरशीवर पडली तर तुकडाच उडतो आणि तो जोडणं हे कसबी माणसाचं काम.

रंगकामाचा मला कंटाळा नाही, हेही सांगून टाकतो. लोखंड म्हटलं की लोक आधी दर वर्षीच्या रंगाला घाबरतात. प्रत्यक्षात दर वर्षी सगळं रंगवावं लागत नाही. वर्षातून दोनदा वस्तूभोवती फिरून बघायचं, जिथे रंगाला फोड आलाय किंवा टवका उडालाय तिथे तारेच्या ब्रशने खाली चमकता धातू दिसेपर्यंत घासायचं, टर्पेंटाइनने पुसायचं, त्याच दिवशी प्रायमर लावायचा आणि त्यावर दोन हात रंग. त्याच दिवशी एवढ्यासाठी, की उघडं लोखंड दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतं. एक गोष्ट मला उशिरा कळली. रंग नेहमी कडांवरून आधी जातो, कारण ओला रंग कडेवरून मागे सरतो आणि तिथे थर पातळ बसतो. म्हणून आधी फक्त कडा, टोकं आणि सांधे ब्रशने रंगवून घ्यायचे आणि मग सगळीकडे हात फिरवायचा. एवढं केलं तर चांगला रंग बरीच वर्षं टिकतो. पावडर कोटिंगची, म्हणजे कोरडी रंगपूड तापवून थर बसवलेली वस्तू दुकानात फार गुळगुळीत दिसते, पण एकदा चरा पडला की पाणी थराखाली सरकतं आणि थर पापडासारखा सुटतो. तिथे ठिगळ लावणं साध्या रंगाइतकं सोपं नसतं.

आता ज्यामुळे माझा निर्णय झाला ते सांगतो.

तांब्याच्या बगळ्याच्या जागी आधी लोखंडाची बगळ्यांची जोडी होती. अंग पत्र्याचं, पाय पोकळ नळीचे. मी त्यांची वरून उत्तम निगा राखत होतो, रंगाला कुठे फोडसुद्धा नव्हता. चौथ्या वर्षी पाऊस पडून गेला की एका बगळ्याच्या पायाशी, फिकट दगडी फरशीवर, तपकिरी पाण्याची एक रेघ दिसायला लागली. मी पाय घासला, पुन्हा रंगवला. पुढच्या पावसानंतर रेघ परत तिथेच. फरशी घासली तर डाग फिका झाला, गेला नाही. असं वर्षभर चाललं. मग एकदा शेजारची कुंडी सरकवताना बगळ्याला जरासा धक्का लागला आणि तो घोट्यापाशी मोडून आडवा झाला. तुटलेल्या जागी बघितलं तर नळीच्या आत गंजाच्या पापुद्र्यावर पापुद्रे साचलेले. मूळ धातू कागदाइतका उरला होता आणि बाहेरचा रंग अजून तुकतुकीत होता.

झालं होतं असं: नळी दोन्ही टोकांना वेल्डिंग करून बंद केलेली असते, पण वेल्डिंगमध्ये सुईएवढं छिद्र राहूनच जातं. दिवसा ऊन लागलं की नळीतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, रात्री गार झाली की नळी बाहेरची दमट हवा आत ओढते, आणि पाऊस असेल तर पाणीही. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो सांधे आतून फाकवतो आणि पाणी शिरायला आणखी वाट करून देतो. जिथे ब्रश पोचत नाही, नजर पोचत नाही, तिथे वस्तू संपत जाते. मी केलेली सगळी मेहनत चुकीच्या बाजूला चालली होती याचं मला खरंच वाईट वाटलं. रंग उडाला असता तर मी पुन्हा लावला असता. हे मात्र मला दिसतच नव्हतं.

तरी लोखंडच घ्यायचं असेल, आणि घ्यायला काही हरकत नाही, तर शक्यतो भरीव सळीचं काम घ्या. पोकळ असेल तर उलटं करून तळाशी पाणी निचरायला भोक आहे का बघा. नसेल तर सर्वांत खालच्या जागी ५-६ मिलिमीटरचं पाडून घ्या. एकावर एक पाकळ्या बसवून रिव्हेट (ठोकून पक्के केलेले खिळे) मारलेली फुलं टाळा, त्या फटींतही हेच घडतं. नाहीतर वस्तू रंगवण्याआधी गॅल्व्हनाइझ करून घ्या. त्यात ती सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यामुळे जस्त आतूनही बसतं. पण बंद पोकळी तशीच बुडवली तर आतली वाफ तिला फोडू शकते, म्हणून तिथेही भोकं लागतातच. पातळ पत्रा त्या उष्णतेने वाकडा होण्याची शक्यता असते, आणि नव्या जस्तावर साधा रंग नीट धरत नाही, त्यासाठीचा वेगळा प्रायमर लावावा लागतो.

तांब्याकडे मी या अनुभवानंतर वळलो. तांबं गंजत नाही असं नाही, पण त्याचा गंज पृष्ठभागावर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकून घेतो. नवीन तांब्याची झळाळी काही आठवड्यांतच मंदावते, मग ते तपकिरी होतं, पुढे काळपट. लोकांना हवं असलेलं हिरवं पुट यायला मात्र वर्षं लागतात. दमट किंवा खाऱ्या हवेत लवकर येतं, अगदी कोरड्या हवेत कदाचित येणारही नाही. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांब्याच्या रंगाचा होता. त्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा आहे आणि तो आजही तिथे उभा आहे. गंमत अशी की त्याच पुतळ्याच्या आतली लोखंडी पट्ट्यांची चौकट मात्र गंजून गेली. तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने झिजतं. तसं होऊ नये म्हणून मधे घातलेला थर काळाच्या ओघात निकामी झाला, फुगलेल्या गंजाने रिव्हेट उपटले, आणि १९८६ साली पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

बागेतल्या वस्तूलाही हाच नियम लागू पडतो. तांब्याची वस्तू घेताना तिचे स्क्रू आणि पायाचा खिळा कशाचा आहे हे आवर्जून बघा. स्क्रू तांब्याचे, कांस्याचे किंवा स्टेनलेसचे असावेत. मोठ्या वस्तूला आतून लोखंडी सांगाडा असेल तर मी ती घेणार नाही. खिशात छोटं लोहचुंबक घेऊन जा. तांबं, पितळ, कांसं आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला चिकटत नाहीत. चिकटलं तर वर मुलामा आहे आणि आत लोखंड.

तांब्याच्या तक्रारी माझ्याकडेही आहेत. ते मऊ असतं, माझ्या पात्राला एका फांदीने पोचा पडलाय. त्यावरून ओघळणारं पाणी फिकट दगडावर आणि भिंतीवर हिरवट-निळसर डाग पाडतं, तेव्हा डागाच्या बाबतीत तांबं पूर्ण निर्दोष आहे असं मला म्हणता येणार नाही. ते पाणी माशांना आणि गोगलगायींना घातक ठरतं, म्हणून मासे असलेल्या छोट्या हौदावर तांब्याची वस्तू टांगू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या वर तर मुळीच नको, तांब्यावरून आलेलं पाणी त्याला खड्डे पाडतं. शिवाय तांब्याला मोडीत चांगला भाव असतो आणि ते चोरीला जातं, त्यामुळे खाली नीट जखडून बसवावं लागतं. आणि ते महाग आहे, हे तुम्हाला माहीतच आहे.

पण निगा? ती मला आता विश्रांतीसारखी वाटते. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवायचं, पक्ष्यांची विष्ठा साचू द्यायची नाही कारण तिच्यातलं आम्ल पुटावर डाग पाडतं, आणि एखाद्या उन्हाच्या दिवशी धातू कोमट झाला की मेणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ कापडाने चोळायचं. झळाळी कायम ठेवायची म्हणून काहीजण लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर मारतात. तो उन्हात काही वर्षांनी तडकतो, तडकलेल्या जागी तांबं काळं पडतं आणि वस्तू ठिपकेदार होते. मग सगळा लॅकर खरवडून काढण्याचं काम उरतं. लिंबू-मिठानेही घासू नका. चमक लगेच येते, पण मीठ कोपऱ्यांत राहतं आणि आतल्या आत कुरतडतं. बोट फिरवल्यावर फिकट हिरवी भुकटी निघाली तर ती या मिठाचीच करणी असू शकते. चांगलं पुट भुकटी होऊन हाताला लागत नाही.

कांसं जमत असेल तर ते तांब्याहूनही कणखर. ओतीव कांस्याची छोटी वस्तू मोठ्या पत्र्याच्या वस्तूपेक्षा मी केव्हाही पसंत करेन. पितळ उघड्यावर ठेवायला मी फारसं सुचवणार नाही. त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि गुलाबीसर, भुसभुशीत धातू मागे राहतो. छताखाली ते छान राहतं.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल माझं मत सुरुवातीला चांगलं नव्हतं. ते लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचं, आणि जवळून बघितलं तर रेषा थोड्या बोथट वाटतात. पण कंदील इतकी वर्षं काही न मागता उभा आहे. गच्चीवर किंवा गॅलरीत वजनाची चिंता असेल तर मी निःशंकपणे हेच सांगेन. वाऱ्याने पडू नये म्हणून पायात वाळू भरा किंवा स्क्रूने धरा, आणि ते ओल्या सिमेंटमध्ये थेट रोवू नका, सिमेंटचा क्षार त्याला खातो.

स्टेनलेसवर फार लिहित नाही, मला त्याची चमक झाडांत डोळ्यांना खुपते. घ्यायचंच असेल आणि समुद्र जवळ असेल तर ३०४ प्रतीच्या स्टेनलेसऐवजी खाऱ्या हवेत जास्त टिकणारी ३१६ ही प्रत मागा, आणि लोखंडी घासणीने कधी घासू नका. तिचे कण पृष्ठभागावर अडकून तिथे गंजतात. कॉर्टेन नावाचं मुद्दाम गंजवलेलं पोलाद दिसायला अप्रतिम असतं, पण त्याला ओलं होऊन पुन्हा कोरडं होण्याची संधी हवी. पालापाचोळ्यात किंवा मातीत पाय बुडाले तर त्याचाही संरक्षक थर बसत नाही. सुरुवातीचे काही हंगाम त्यातून तपकिरी पाणी गळतं, आणि त्या पाण्याशी माझं काय नातं आहे ते वर सांगितलंच.

कुठलाही धातू असो, वस्तू मातीत थेट उभी करू नका. दोनेक सेंटिमीटर उंच दगडावर ठेवा, भोवतीची पानं काढत राहा, झारीने खत-पाणी घालताना ते पायांवर उडू देऊ नका.

नवा बगळा मी फरशीवरून हलवून खडीत उभा केलाय, त्यामुळे त्याचे हिरवे ओघळ कुठे दिसत नाहीत. पाठीवर आता काळसर तपकिरी रंग चढलाय आणि मानेच्या वळणात पहिली हिरवी छटा आली आहे. फरशीवरची जुनी रेघ तशीच आहे. ऑक्झॅलिक आम्लाने ती निघेल असं सांगतात, पण माझी फरशी चुनखडीची आहे आणि आम्लाने तीच खाल्ली जाईल. कमान मात्र लोखंडाचीच राहणार. ती भरीव सळीची आहे, तिच्या प्रत्येक सांध्यापर्यंत ब्रश पोचतो, आणि या वर्षी तिला रंग द्यायचाय.