युवा लीडर ट्रेनिंग, २ दिवस – तरुण संघवाल्यांनी नक्की करा
आमच्या चर्चच्या तरुण संघातले ६ जण नगरला या ट्रेनिंगला जाऊन आलो आणि खरंच पैसे वसूल झाले. बायबलमध्ये निर्गम १८ व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला सांगतो ना, सगळा भार एकट्याने घेऊ नको, दहा-दहा जणांवर माणसं नेम, त्यावर अख्खं सेशन होतं, मला तर रडूच आलं कारण ३ वर्षं चाव्या, साउंड, चहा सगळं मीच बघत होते आणि पोरं मदत करत नाहीत म्हणून चिडत होते. काम देताना किती महिन्यांसाठी ते आधीच सांगा, चूक एकट्यात सांगा, कौतुक सगळ्यांसमोर नाव घेऊन करा. जेवण साधंच. पालकांशी बोलण्यावर जेमतेम १५ मिनिटं दिली, ते वाढवायलाच हवं. आता साउंड बारावीतला एक मुलगा सांभाळतो, रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांच्याही आधी हजर असतो!